तार, तंतू आणि अपरिग्रह

सेवाग्राम आश्रमातील बापूंच्या दफ्तरात व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या तजविजीने बसविलेला दूरध्वनी आजही जतन केलेला आहे. आणि १९०९ साली ‘हिंद स्वराज्य’ लिहून यंत्रसंस्कृतीची झडती घेणाऱ्या पुरुषाने ते यंत्र आपल्या मातीच्या वस्तीत का येऊ दिले, हा प्रश्न, वर्ध्यातल्या ज्या घरी तारेवरचा फोन सोडून इंटरनेटवरचा घ्यावा काय याचा खल चालला आहे, तेथेही विचारण्याजोगा आहे.

तांब्याची तार एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांची सुमारे ४८ व्होल्टची वीज सोबत आणते, म्हणून मृगाच्या वादळात अख्ख्या मोहल्ल्यात अंधार झाला तरी आजीच्या खाटेजवळचा फोन बोलता राहतो; काचेचा तंतू प्रकाश आणतो, वीज आणीत नाही, आणि भिंतीवरच्या डबीचा हिरवा दिवा विझला की फोनही मुका होतो. पैशाचा हिशेब सोपा आहे. अपरिग्रहाचा तसा नाही: कमी वस्तू बाळगणे एवढ्यालाच आपण अपरिग्रह मानतो, परंतु एका फोनपायी मोडेम, बॅटरी, मासिक आकार यांची गरज दाराशी उभी राहते तेव्हा परावलंबनाचाही परिग्रह होत असतो, असे माझे मत आहे.

तथापि शिवणयंत्राला बापूंनी अपवाद केला होता, कारण त्याच्या उगमाशी त्यांना प्रेम दिसले. परगावच्या लेकीचा आवाज म्हातारीला रोज स्वच्छ ऐकू यावा, हा हेतू त्याच जातीचा आहे; तेव्हा नवी जोडणी अवश्य घ्यावी, मात्र बॅटरीची खातरजमा करून आणि आजीची संमती अर्जापूर्वी घेऊन.