खलनायकाचें प्रेत

कल्पित कथेंतील शेवटच्या युद्धाविषयीं प्रौढ माणसानें गंभीरपणें लिहावें काय, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येईल. ज्यांनीं लहानपणीं आजीच्या तोंडून युद्धकांड ऐकतांना झोप घालविली आहे, त्यांच्या मनांत तो येऊं नये. मुलें ज्या गोष्टींवर वाढतात त्यांत दुष्टाचा शेवट कसा होतो, ही क्षुल्लक बाब नव्हे. दुष्ट हरतो हें तर सर्वच गोष्टींत असतें. तो कोणाच्या देखत हरतो, हरण्यापूर्वीं त्याला कोणी कांहीं सांगून पाहतें कीं नाहीं, आणि हरल्यावर त्याचें काय उरतें, यांवरून त्या गोष्टीची नीति ओळखतां येते.

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझ्या मुलीनें मला 'हॅरी पॉटर' मालिकेंतील शेवटचा चित्रपट पुन्हां एकदां पाहावयास बसविलें. जे. के. रोलिंग यांचीं सातहि पुस्तकें तिनें शाळेंत असतांनाच वाचून संपविलीं होतीं. मीं तीं तिच्यामागून, आधीं थोड्या तुच्छतेनें व नंतर उघड उघड लोभानें वाचलीं. सातवें पुस्तक, 'डेथली हॅलोज', २००७ सालीं निघालें. चित्रपटकारांनीं त्या एका पुस्तकाचे दोन भाग केले व दुसरा भाग २०११ च्या जुलईंत पडद्यावर आला. दिग्दर्शक डेव्हिड येट्स, पटकथा स्टीव्ह क्लोव्ह्ज यांची. चित्रपट संपला तेव्हां मुलगी म्हणाली, "बाबा, शेवट फसला." मीं म्हटलें, "कां? दुष्ट मेला ना?" ती म्हणाली, "मेला कुठें? उडून गेला." या एका वाक्यानें मला पुढें पंधरा दिवस स्वस्थ बसूं दिलें नाहीं.

ज्यांना ही कथा ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द. व्होल्डेमॉर्ट हा तिच्यांतील खलनायक. त्याचें जन्मनांव टॉम रिडल; अनाथालयांत वाढलेला, बुद्धिमान व निष्ठुर मुलगा. मरणाची त्याला इतकी धास्ती कीं, तें टाळण्यासाठीं तो खून करून आपल्या आत्म्याचे तुकडे पाडतो आणि ते निरनिराळ्या वस्तूंत लपवून ठेवतो. आपल्याकडील राक्षस आपला प्राण पोपटांत ठेवीत असे, त्याचीच ही विलायती व अधिक भयंकर आवृत्ति. बापाचें नांव टाकून त्यानें जें नवें नांव घेतलें, त्यांतील फ्रेंच शब्दांचा अर्थ 'मृत्यूपासून पलायन' असाहि लावतां येतो. लोक तर भीतीनें तें नांवहि उच्चारीत नाहींत. शेवटचें युद्ध होतें तें हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेंत, आणि तिचें रक्षण करणारांत शिक्षक व मोठे विद्यार्थी हेच पुष्कळ असतात.

चित्रपटाचे गुण आधीं सांगतों, कारण ते थोडे नाहींत. युद्धापूर्वीं वृद्ध शिक्षिका मॅकगोनागल शाळेच्या भिंतींवरील दगडी योद्ध्यांना मंत्रानें जागें करतात. ते धाडधाड खालीं उड्या टाकून रांगेनें चालूं लागतात. आणि तेवढ्यांत बाई शेजारणीकडे वळून, हा मंत्र एकदां तरी वापरून पाहावा असें फार दिवसांचें मनांत होतें, अशा अर्थाचें कांहीं बोलून लहान मुलीसारख्या हरखतात. मॅगी स्मिथ या थोर नटीनें एका क्षणांत साऱ्या शिक्षकवर्गाचें भूषण व वेड दोन्हीहि दाखविलें आहे. लढाई मध्यें थांबते तेव्हां भोजनगृहांत मांडून ठेवलेले मृतदेह आपण पाहतों. फ्रेडभोंवतीं जमलेलें वीझली कुटुंब, शेजारीं शेजारीं निजलेले ल्यूपिन व टाँक्स हे पतिपत्नी. येथें चित्रपट घाई करीत नाहीं. विजयानंतरचा प्रसंग तर मला पुस्तकापेक्षांहि सरस वाटतो. पुस्तकांत जयघोष आहे. पडद्यावर थकून बसलेलीं माणसें आहेत, आणि मोडतोडीच्या ढिगाऱ्यांत शाळेचा तो किरकिरा रखवालदार खराट्यानें केर काढीत आहे. लढाई जिंकली तरी केर कोणाला तरी काढावाच लागतो, हें ज्या दिग्दर्शकाला सुचलें त्याला रसिक म्हणावयास हरकत नाहीं.

नेव्हिल या भित्र्या समजल्या गेलेल्या मुलाचेंहि चित्रपटानें सोनें केलें आहे. व्होल्डेमॉर्टच्या आत्म्याचा शेवटचा तुकडा त्याच्या सर्पिणीच्या ठायीं असतो. (तिचें नांव नागिनी! या एका नांवापुरती तरी ती बाई आपल्या घरची आहे.) पुस्तकांत नेव्हिल तिचें मस्तक द्वंद्वयुद्धाच्या बराच आधीं उडवितो. चित्रपटानें तो घाव द्वंद्वाच्या ऐन मध्यावर आणून बसविला. इकडे हॅरी मंत्राला मंत्र भिडवून उभा, तिकडे दुसऱ्याच कोणाच्या हातून तरवार चालते, आणि व्होल्डेमॉर्टचें बळ ढासळतें. नायकाचा विजय दुसऱ्याच्या धैर्यावर अवलंबून आहे, हें पडद्यावर डोळ्यांना दिसतें.

परंतु हें द्वंद्व होतें कोठें? पुस्तकांत तें भरल्या भोजनगृहांत होतें. सूर्य उगवत आहे. भिंतींना पाठ लावून जिवंत उरलेले सारे उभे आहेत. मध्यें हे दोघे एकमेकांभोंवतीं फिरत आहेत. कोणीहि मदतीस येऊं नये असें हॅरी बजावतो व बोलूं लागतो. तो त्याला रिडल या नांवानें हांक मारतो. आणि प्रहारापूर्वीं तो जें बोलतो तें मला साऱ्या सात पुस्तकांचें मर्म वाटतें: तो त्याला पश्चात्ताप करून पाहावयास सांगतो. भंगलेला आत्मा सांधण्याचा तोच एक उपाय आहे, असें कथेंत आधींच येऊन गेलेलें असतें. आपल्या आईबापांच्या खुन्याला हा सतरा वर्षांचा मुलगा शेवटची वाट दाखवितो. तीहि दुबळेपणानें नव्हे, कांडी रोखून धरून. इतर कोणत्याहि गोष्टीनें बसला नव्हता एवढा धक्का व्होल्डेमॉर्टला या सूचनेनें बसतो. ती तो झिडकारतो, व मग मंत्र सुटतात.

चित्रपटांतून हें सारें गेलें आहे. दोघे वाड्याच्या जिन्यांवरून, गच्च्यांवरून झुंजतात. हॅरी त्याला 'टॉम' म्हणतो खरा, पण तें त्याला कवटाळून तटावरून उडी घेण्यापूर्वींचें आव्हान म्हणून. दोघे धुरांत गुरफटून आकाशांत भिरभिरतात आणि ओसाड चौकांत येऊन आदळतात. तेथें चिटपांखरूं नाहीं. शेवटीं व्होल्डेमॉर्टचें अंग जळलेल्या कागदाच्या कपट्यांसारखें सुटूं लागतें आणि ते कपटे वाऱ्यावर उडून जातात. देखावा सुंदर आहे, हें मी नाकारीत नाहीं. पण मुलीचें म्हणणें खरें आहे. तो मेला नाहीं, उडून गेला.

पुस्तकांत तो पडतो. त्या क्षणीं लेखिका स्वतःहि त्याचें मिरविण्याचें नांव टाकून टॉम रिडल हें नांव घेते. जमिनीवर एक खुरटलेलें, दुबळें शरीर पडतें. हात रिकामे, मुद्रा शून्य. इतर कोणीहि माणूस मरून पडावा तसा तो पडतो. ज्यानें मनुष्यत्वापासून सुटण्यासाठीं इतके खून केले, त्याला शेवटीं मनुष्याचेंच मरण आलें, हाच त्याचा पराभव. राख होऊन वाऱ्यावर विरणें हें मनुष्याचें मरण नव्हे. तें एखाद्या पिशाच्चाला शोभावें असें निर्गमन आहे, आणि व्होल्डेमॉर्टला विचारलें असतें तर त्यानें तेंच मागून घेतलें असतें. बेलाट्रिक्स या त्याच्या शिष्येचेंहि चित्रपटांत असेंच शेकडों तुकडे होऊन उधळणें आहे. पुस्तकांत ती नुसती कोसळते. खलांना प्रेत असूं नये, असा जणूं या चित्रपटाचा नियमच आहे.

या नियमांत एक व्यावहारिक घोटाळाहि आहे. कथेच्या आरंभीं, हॅरी तान्हा असतांना, व्होल्डेमॉर्ट असाच नाहींसा झालेला असतो. प्रेत सांपडलें नाहीं. कोणी पाहिलें नाहीं. मरावयास लागणारें माणूसपण तरी त्याच्यांत कोठें उरलें होतें, अशी शंका पहिल्याच पुस्तकांत हॅग्रिड बोलून दाखवितो, आणि त्या शंकेंतूनच पुढची सारी कथा निघते. म्हणजे चित्रपटानें शेवट म्हणून जें दिलें, तें पहिल्या वेळचेंच पुन्हां झालें! दुसऱ्या दिवशीं गांवांत कोणी विचारलें कीं, 'तो खरोखर मेला काय?' तर उत्तर देणारा साक्षी एकच, आणि तोहि स्वतः लढलेला. ज्याचें नांव घ्यावयास लोक भीत, त्याची भीति लोकांच्या डोळ्यांदेखतच संपावयास हवी होती.

आणखी एक उणीव अशीच. पुस्तकांत शेवटच्या धुमश्चक्रींत जवळच्या खेड्यांतील दुकानदार येतात, विद्यार्थ्यांचे आप्त येतात, आणि मुदपाकखान्यांत राबणारे खुजे गडी मांस कापण्याच्या सुऱ्या व सत्तूर घेऊन किंचाळत बाहेर पडतात. त्यांच्या पुढें असतो क्रीचर, एका जुन्या घराण्याचा कडवट म्हातारा नोकर. थोड्याच वेळापूर्वीं रॉन म्हणालेला असतो कीं, या गड्यांना बाहेर काढलें पाहिजे, आपल्यासाठीं मरा असा हुकूम त्यांना करतां येत नाहीं. हुकूम होत नाहीं आणि म्हणूनच ते आपण होऊन येतात. पडद्यावर यांपैकीं कोणी नाहीं. दगडी पुतळ्यांना जागा मिळाली, स्वयंपाकघराला मिळाली नाहीं.

पुस्तक निर्दोष आहे असें मात्र मी म्हणणार नाहीं. हॅरीच्या हातून व्होल्डेमॉर्ट मरत नाहीं. त्याचाच मारणमंत्र उलटून त्याच्यावर येतो. हॅरीनें सोडलेला असतो तो केवळ शस्त्र हिरावून घेण्याचा मंत्र. नायकाचे हात स्वच्छ राहावेत म्हणून केलेली ही सोय आहे, व चित्रपटानेंहि ती मुकाट्यानें उचलली आहे. त्यांत ती अजिंक्य कांडी कायद्यानें कोणाच्या मालकीची, याची ऐन द्वंद्वांत झालेली फोड मला दिवाणी कोर्टांतील हक्कनोंदीच्या वादासारखी वाटते; चित्रपटानें ती लढाईनंतर उरकली, हें चांगलें केलें. पुढें हॅरी ती कांडी मोडून फेकून देतो. पुस्तकांत तो आधीं तिच्यानें आपली जुनी मोडकी कांडी सांधून घेतो, आणि मग ती मूळ जागीं परत ठेवण्याचें ठरवितो. कोणतें बरें, याविषयीं घरांत दोन पक्ष आहेत.

माझ्या मुख्य म्हणण्यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. शत्रूचें प्रेत लोकांपुढें असावें म्हणणें सोपें आहे. पण लोक प्रेताचें काय करतात तें इतिहासांत लिहिलेलें आहे. १९४५ च्या एप्रिलमध्यें मिलान शहराच्या एका चौकांत मुसोलिनीचें प्रेत जमावानें लाथाळलें व मग पेट्रोल पंपाच्या तुळईला पाय वर करून टांगलें. ज्यांचीं माणसें त्यानें मारलीं त्यांच्या संतापाला मी नांवें ठेवीत नाहीं. परंतु तसलें कांहीं मुलांच्या चित्रपटांत दाखविण्यापेक्षां राख बरी, असें कोणी म्हटलें तर तें झटकून टाकतां येणार नाहीं.

पुस्तकानें येथें तिसरी वाट काढली आहे, आणि ती एका वाक्याची आहे. व्होल्डेमॉर्टचें प्रेत भोजनगृहालगतच्या एका खोलींत नेऊन ठेवतात. फ्रेड, ल्यूपिन, टाँक्स व आणखी पन्नास मृतांपासून दूर. विटंबना नाहीं, आणि बरोबरीची जागाहि नाहीं. रावण पडल्यावर त्याचे अंत्यसंस्कार करावयास बिभीषण कचरतो, तेव्हां राम त्याला ते करावयास लावतो. तेथेंहि रावणाचें पाप पुसलें जात नाहीं, फक्त वैर देहापाशीं थांबतें. त्या खोलीचें दार चित्रपटानें दाखविलें असतें तर आकाशांतील साऱ्या भराऱ्या मी आनंदानें माफ केल्या असत्या.

येथवर लिहून झाल्यावर लेख मुलीला वाचून दाखविला. तिची एकच शंका: "पण त्याला त्या खोलींत उचलून कोणी नेलें?" पुस्तक काढून पाहिलें. लेखिका नांवें सांगत नाहीं. कोणी तरी, ज्याचा भाऊ किंवा मुलगी पलीकडे पडलेली असेल अशा कोणीं, वांकून त्या देहाला हात घातला असला पाहिजे.

मला माझे वडील आठवले. आमच्या एका चुलत-आजोबांनीं खोटा कागद करून आमचा अर्धा वाडा बळकाविला होता. आजीनें त्या दुःखांतच डोळे मिटले, असें घरांत म्हणत. १९८२ च्या पावसाळ्यांत ते गेले, तेव्हां खांद्याला माणूस मिळेना. वडील पंचा घेऊन निघाले. मी बारा वर्षांचा होतों, मीं रागानें विचारलें, "तुम्ही कशाला?" ते म्हणाले, "चौघे लागतातच." तिन्हीसांजेला भिजून परत आले. आईनें परसदारीं ऊन पाणी काढून ठेवलें होतें. आंघोळ करून ते जेवावयास बसले व कोणाशीं कांहीं बोलले नाहींत. दुसऱ्या दिवशीं सकाळीं कागदांचें पुडकें बगलेंत मारून ते नेहमींप्रमाणें वकिलाकडे गेले. दावा पुढें सहा वर्षें चालला.