सोडायचे नेमके काय?

ख्रिस्ती माणसाने काय सोडावे असे विचारले की दारू, जुगार ही उत्तरे लगेच येतात. ती सुटायला हवीतच. पण व्यसनी माणसाला आपण अडकलो आहोत, हे कधी ना कधी कळते. श्रद्धेला जास्त नडते ती समाज ज्याबद्दल पाठ थोपटतो अशी आसक्ती : कुळाची प्रतिष्ठा, गाठीचा पैसा, इतकेच काय, स्वतःच्या धर्मनिष्ठेचा अभिमानसुद्धा. मार्काच्या शुभवर्तमानातला धनिक लहानपणापासून सगळ्या आज्ञा पाळत आलेला आहे. येशूला त्याच्याविषयी प्रेम वाटते. तरी सर्वस्व विकून गोरगरिबांना दे म्हटल्यावर तो खिन्न होऊन निघून जातो.

याचा सर्वांत बारकाईने विचार केला तो येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी. 1521 साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. पुढच्या वर्षी मोन्सेरातच्या मठात त्यांनी तलवार आणि कट्यार मरियेच्या वेदीपाशी ठेवली, उंची कपडे एका भिकाऱ्याला दिले. गोष्ट इथेच संपली असती तर ती साधी वैराग्यकथा झाली असती. पण मानरेसाला गेल्यावर पूर्वी केसांचा फार षोक होता म्हणून त्यांनी केस आणि नखे वाढू दिली, जुन्या पापांच्या शंकांनी त्यांना इतके पोखरले की जीव द्यावासा वाटला, आणि आठवडाभर अन्नपाणी सोडले. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी बजावले तेव्हा कुठे उपास सुटला. पुढे त्यांनी केस-नखे कापली. 1548 साली तर कठोर तप करणाऱ्या फ्रान्सिस बोर्जांना त्यांनी पत्र लिहून देहदंड कमी करायला सांगितले. तलवारीपेक्षा तपश्चर्येचा मोह सोडणे त्यांना अवघड गेले, असे मला वाटते. त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात दहा हजार डुकॅट मिळालेल्या माणसांचे तीन प्रकार येतात. पहिल्याला पैशाची ओढ सोडायची असते, पण मरेपर्यंत तो काहीच करत नाही. दुसऱ्याला ओढ नको, पैसा मात्र हवा. तिसरा पैसा ठेवायला किंवा द्यायला, देवाची इच्छा असेल त्यासाठी तयार असतो. दहा हजारांतले किती वाटले यावर इग्नेशियस माणसाला जोखत नाहीत, ही गोष्ट फार मोलाची आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. 'सोडून दे' हा उपदेश बहुधा वरचा खालच्याला करतो. मार खाणाऱ्या बाईला 'राग सोड' सांगितले जाते, मारणाऱ्याला कोणी काही म्हणत नाही. पण शुभवर्तमानाची साक्ष उलट आहे. जक्कय जकातदार सुटला तो अर्धी मिळकत गरिबांना देऊन आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करायचे कबूल करून. सोडण्याचे ओझे तिथे लुबाडणाऱ्यावर आहे. संसार आणि माणसे सोडण्याला धर्म म्हणावे का, याचेही उत्तर तिथेच आहे : धन देवाला वाहिले असे सांगून आईवडिलांना उपाशी ठेवणाऱ्यांना येशूने फटकारले होते. प्रेम आटवणारा त्याग ख्रिस्ताच्या नावावर खपवता येणार नाही.

मराठी वाचकाला खरे सोडणे कसे असते ते लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त दिसेल. त्यांचे पती नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परतल्यावरही सोवळे पाळत होत्या. त्यांचे सोवळे आधी सुटले, बाप्तिस्मा 1900 साली झाला. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडे पुष्कळदा उलटे घडते : बाप्तिस्म्याला पिढ्या लोटतात आणि सोयरीक जुळवताना जात विचारली जाते, गोव्यातही आणि महाराष्ट्रातही. उपवासकाळात चाळीस दिवस मासळी-मटण वर्ज्य करणाऱ्या घरांना माझी विनंती आहे की या वेळी मुलामुलींच्या स्थळांच्या चौकशीतून जातीचा प्रश्न काढून टाका.