सोडून दिलेल्या माशाचं काय होतं?

2 जून 1932. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात पाऊस झालेला होता आणि शेतं इतकी चिखलात होती की नांगर घालणं शक्य नव्हतं. जॉर्ज पेरी नावाचा विशीतला शेतकरी मित्राला घेऊन माँटगोमेरी लेक नावाच्या तळ्यावर मासे धरायला गेला. त्याच्या गळाला एक लार्जमाउथ बास लागला. गावातल्या पोस्टात वजन झालं : 22 पौंड 4 औंस, म्हणजे दहा किलोंच्या वर. जागतिक विक्रम. एका मासिकाच्या स्पर्धेत त्याबद्दल पेरीला 75 डॉलरचं सामान बक्षीस मिळालं. आणि मासा? मासा घरी गेला, कापला गेला, घरच्यांनी खाल्ला. महामंदीचे दिवस होते. घरात खाणारी तोंडं होती आणि दहा किलोंचा मासा समोर होता. यात विचार करण्यासारखं काय होतं?

आज ही गोष्ट बासच्या कुठल्याही शौकिनाला सांगा, त्याच्या चेहऱ्यावर एक कळ उमटून जाते. एवढा मासा खाल्ला? हल्लीचा सभ्य मासेमार मासा धरतो, फोटो काढतो आणि परत पाण्यात सोडतो. याला ‘कॅच अँड रिलीज’ म्हणतात आणि हे नुसतं तंत्र राहिलेलं नाही, ती एक नीती झाली आहे. मारून खाणारा तो मागासलेला, सोडून देणारा तो सुसंस्कृत.

मला प्रश्न पडतो तो इथे. भुकेसाठी एक जीव घेणं आणि मजेसाठी त्या जिवाला गळ टोचून, दमवून, हवेत धरून मग ‘जा बाळा’ म्हणणं, यात जास्त बरं काय? उत्तर वाटतं तितकं सोपं नाही, हे मला टेक्ससमध्ये राहायला आल्यावर कळायला लागलं.

टेक्ससमधली बहुतेक ‘लेक’ म्हणजे आपल्याकडच्यासारखे धरणांचे जलाशय. डॅलसपासून दीड-दोन तासांवर लेक फोर्क आहे. पाणी भरण्याआधी तिथली झाडं मुद्दाम पुष्कळशी तशीच ठेवली होती, त्यामुळे अजूनही पाण्यातून करड्या रंगाचे वठलेले बुंधे वर आलेले दिसतात. बासला हेच लागतं. आडोसा. बुंध्याच्या सावलीत दबा धरून बसायचं आणि समोरून काही सरपटत गेलं की तोंड उघडायचं. तोंड कसलं, बादलीच ती.

1986 मध्ये याच तळ्यात 17.67 पौंडांची एक मादी सापडली. तिचं नाव ठेवलं एथेल. तिला मारलं नाही. मिसुरी राज्यातल्या एका मोठ्या दुकानाच्या मत्स्यालयात ती वर्षानुवर्षं राहिली, लोक तिला पाहायला येत, आणि 1994 मध्ये ती गेली तेव्हा तिची शोकसभाही झाली. हसू येतं खरं. पण पेरीचा मासा ते एथेलची शोकसभा हा साठ वर्षांचा प्रवास हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माणसांच्या मनात माशाची जागा बदलली, ताटातून उठून तो जवळपास घरातल्या कुत्र्यामांजराच्या शेजारी जाऊन बसला.

हा बदल आपोआप झाला नाही. रे स्कॉट नावाच्या एका अलाबामाच्या विमा एजंटाने साठच्या दशकाच्या शेवटी बास पकडण्याच्या स्पर्धा भरवायला सुरुवात केली. स्पर्धा वाढल्या तशी टीकाही वाढली, की हे लोक तळी ओरबाडून नेतात. 1972 पासून स्कॉटने आपल्या स्पर्धांमध्ये मासे जिवंत आणून सोडून देण्याची प्रथा रुजवली. बोटींमध्ये ‘लाइव्हवेल’ म्हणजे पाणी खेळतं ठेवलेली टाकी आली. म्हणजे बघा, या दयेच्या मुळाशी हिशेबही होता : मासा उरला तर खेळ उरेल. मला यात ढोंग दिसत नाही. हिशेबातून चांगल्या सवयी लागतात, जगात बऱ्याचशा चांगल्या सवयी तशाच लागल्या आहेत. फक्त त्या सवयीला करुणा म्हणायचं का, एवढाच प्रश्न आहे.

आणि या प्रश्नाची खरी परीक्षा होते उन्हाळ्यात.

पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. 10 अंश सेल्सियसच्या पाण्यात एका लिटरमध्ये 11 मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, 30 अंशांच्या पाण्यात साधारण साडेसातच. उलट माशाचं रक्त थंड. पाणी तापलं की त्याचं शरीरही तापतं, सगळ्या क्रिया जोरात चालतात आणि प्राणवायूची गरज वाढते. म्हणजे मिळकत घटली आणि खर्च वाढला. जुलैच्या दुपारी अशा माशाला दोरीच्या टोकाला झुंजायला लावायचं, मग वर उचलायचं, कल्ले हवेत एकमेकांना चिकटतात, श्वास बंद. त्यात कुणी म्हणतं, थांब, फोटो नीट आला नाही.

मासा सोडला की तो शेपटी मारतो आणि खाली दिसेनासा होतो. आपल्याला वाटतं वाचला. पण काही मासे तासांनी किंवा दिवसांनी मरतात, आणि पाणी तापलेलं असेल तर हे प्रमाण वाढतं. ते मरताना पाहायला तिथे कुणी नसतं.

आणखी एक गोष्ट. उन्हाळ्यात खोल तळ्याचे थर पडतात, वर गरम, खाली गार. दिवस चढला की बास खोल पाण्याकडे सरकतो. त्याच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्यामुळे तो पाण्यात तोल सांभाळतो. खोलातून त्याला झटकन वर ओढलं की दाब कमी होऊन ती पिशवी फुगते, आणि सोडल्यावर मासा खाली जाऊच शकत नाही, पोट वर करून तरंगत राहतो. काही जण सुई टोचून ती हवा काढतात. नीट जमलं तर मासा जगतो. लेक फोर्कवर एकदा माझ्या ऑफिसमधल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याला हे करताना मी पाहिलं आहे. त्याचा हात एखाद्या नर्ससारखा स्थिर होता. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर जाऊ नये म्हणून त्याने आधी हात ओले केले होते. सगळं झाल्यावर त्याने मासा पाण्यात धरून ठेवला, तो स्वतःहून निसटेपर्यंत. इतक्या हळुवारपणे माणूस माणसाशीही क्वचित वागतो. आणि तरी माझ्या मनात येत होतं, हा उपचार ज्या जखमेवर चालला आहे ती जखम यानेच पाच मिनिटांपूर्वी केली आहे, आणि कशासाठी? शनिवार छान जावा म्हणून.

त्याला मी हे बोलून दाखवलं. तो चिडला नाही. म्हणाला, “माशाला आपल्यासारखं दुखत नाही.”

हा वाद शास्त्रज्ञांमध्येही आहे. जेम्स रोझ यांनी 2002 मध्ये मांडलं की वेदना जाणवायला मेंदूचा जो बाह्य थर लागतो तो माशांना नाही, म्हणून त्यांची तडफड ही निव्वळ प्रतिक्षिप्त क्रिया. पुढच्याच वर्षी लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत ॲसिटिक आम्ल टोचून पाहिलं. मासे ओठ तळाच्या खड्यांवर घासू लागले आणि बराच वेळ अन्नाकडे फिरकले नाहीत. पुढच्या प्रयोगांत मॉर्फिन दिल्यावर हे वागणं कमी झालं. ओठ. गळ लागतो तीच जागा. यावरून वेदनेचा ‘अनुभव’ सिद्ध होतो का, यावर अजून भांडण आहे. पण शंका असेल तर तिचा फायदा कुणाला द्यायचा? काठी धरणाऱ्याला की गळ गिळणाऱ्याला? ज्याला मजा गमवायची आहे त्याच्यापेक्षा ज्याला ओठ गमवायचा आहे त्याला द्यावा, असं मला वाटतं.

जर्मनीत तर कायदाच या बाजूचा आहे. पाठीचा कणा असलेल्या प्राण्याला सबळ कारणाशिवाय वेदना देणं तिथे गुन्हा आहे. मासा खायचा आहे हे सबळ कारण. धरून सोडण्यातला आनंद हे कारण सहसा पुरत नाही. स्वित्झर्लंडनेही 2008 च्या नियमांत सोडून देण्याच्याच हेतूने मासेमारी करण्याला मनाई केली. म्हणजे टेक्ससमध्ये जे सुसंस्कृतपणाचं लक्षण, ते झुरिकमध्ये नियमभंग. आणि जॉर्ज पेरी, ज्याच्याकडे आपण दयेने पाहत होतो, तो तिथल्या कायद्यात बरोब्बर बसतो.

मुलांनी बेडकांना दगड मारण्याची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. तुमचा खेळ होतो पण आमचा जीव जातो. ग्रीक लेखक प्लुटार्कनेही बायन नावाच्या विचारवंताच्या नावावर हीच गोष्ट नोंदवली आहे, आणि गंमत म्हणजे तो ती सांगतो शिकार आणि मासेमारीबद्दल बोलताना. दोन हजार वर्षं झाली, बेडूक तेच म्हणतोय.

तरीपण इथे थांबून ‘खेळ वाईट’ म्हणून मोकळं होणं मला जमत नाही. कारण त्या तळ्याची काळजी कोण घेतं हे पाहिलं की गणित बिघडतं. अमेरिकेत 1950 च्या डिंगेल-जॉन्सन कायद्यानुसार गळ, काठ्या, रीळ यांच्यावर खास कर आहे आणि तो पैसा राज्यांकडे मत्स्यसंवर्धनासाठी जातो. पाणी घाण झालं, झाडोरा गेला, मासे कमी झाले, की पहिली बोंब मासेमार ठोकतात. मी, जो गळ हातात धरत नाही आणि कागदावर हळहळतो, मी त्या तळ्याला काय दिलं? सुपरमार्केटमधून आणलेला तुकडा आम्ही घरी तळतो, तो मासा कसा मेला हे मी कधी विचारलेलं नाही. माझा सहकारी निदान त्याच्या माशाच्या डोळ्याला डोळा देतो.

शिवाय, सोडणं म्हणजे नेहमी माशांचं भलं, असंही नाही. छोट्या शेततळ्यात सगळे बास सोडतच राहिलात तर गर्दी होते, खाणं पुरत नाही, आणि मासे खुरटतात. तिथे मत्स्यतज्ज्ञच सांगतात, लहान बास काढा आणि खा. लेक फोर्कचा नियम तर असा की 16 ते 24 इंचांमधला बास सोडायचाच, त्याहून लहान नेता येतो. म्हणजे मारणं आणि सोडणं ही पाप-पुण्याची दोन टोकं नसून, कुठल्या तळ्यात, कुठल्या ऋतूत, कुठला मासा, यावर सगळं आहे.

याचा सर्वांत अवघड नमुना जपानमध्ये आहे. बास तिथला नाही. 1925 मध्ये तो अमेरिकेतून आशी तळ्यात आणला गेला आणि पुढे देशभर पसरला. बिवा या जपानच्या सर्वांत मोठ्या तळ्यात स्थानिक माशांना त्याने आणि ब्लूगिल नावाच्या त्याच्याच अमेरिकी भाईबंदाने जेरीस आणलं. ब्लूगिल आणले होते 1960 मध्ये खुद्द युवराज अकिहितो यांनी, शिकागोच्या महापौरांकडून भेट म्हणून. सम्राट झाल्यावर, 2007 मध्ये, बिवाच्या काठी त्यांनी त्याबद्दल जाहीरपणे दुःख व्यक्त केलं. (सोलापूर-पुण्याकडच्या वाचकांना उजनीतली चिलापी आठवेल. तीही बाहेरूनच आली आणि आता तिच्यावरच कित्येकांची चूल पेटते.)

बिवा तळ्यात धरलेला बास परत पाण्यात सोडायला मनाई आहे. 2009 मध्ये मानाबू कुरिता यांनी याच तळ्यात पेरीच्या विक्रमाशी बरोबरी करणारा बास पकडला. ज्या माशाला टेक्ससमध्ये नाव मिळालं असतं, तो इथे नकोसा पाहुणा. काठावर पेट्या ठेवलेल्या असतात, धरलेला बास त्यात टाकायचा. माशाचा यात काही दोष नाही. तो आडोशाला दबा धरून बसला, समोरून जे गेलं ते खाल्लं, बासने जे करायचं तेच त्याने केलं. त्याला तिथे आणलं माणसाने, आणि तेही बहुतांशी याच खेळाच्या हौसेने. त्याला मारण्याला माझ्याकडे सबळ कारण आहे, आणि तरी त्या पेटीत मासा टाकणाऱ्या हाताचा मला हेवा वाटत नाही.

मग मी कुठे येतो? मला पेरी जवळचा वाटतो. भूक हे प्रामाणिक कारण आहे. खेळाला कारण म्हणून मी पूर्ण नाकारत नाही, पण खेळाने त्याची किंमत कमी करून सांगू नये एवढं मागतो. ‘मी मासा सोडला’ या वाक्याआधी ‘मी मासा धरला’ हे वाक्य असतं, ते गिळू नये. आणि तापलेल्या पाण्यात, भर दुपारी, खोलातून ओढून काढलेल्या दहाव्या माशाला सोडण्याला दया म्हणू नये.

माझ्या सहकाऱ्याशी हे बोलणं गेली तीन वर्षं चालू आहे. तो अजून म्हणतो की मी जास्त विचार करतो. मात्र जुलै-ऑगस्टमध्ये तो आता उजाडता निघतो, नऊ वाजता बोट काठाला लावतो, खोल पाण्यात गळ टाकत नाही. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाला, ऊन फार असतं. मागच्या खेपेला त्याने नियमात बसणारे दोन लहान बास घरी आणले आणि मला जेवायला बोलावलं. मक्याच्या पिठात घोळवून तळले होते. काटे बरेच होते. मी दोन्ही वेळा वाढून घेतलं.