कडेवरचं भावंड

गावातल्या चारजणी एकत्र येऊन मुलांसाठी काही करायचं ठरवतात, तेव्हा त्यांच्याजवळ पैसा नसतो, संस्थेची नोंदणीही नसते. असते ती फक्त माहिती. कुणाची चूल आज पेटली नाही, कुणाची पोर दिवसभर धाकट्याला कडेवर घेऊन हिंडते, हे त्यांना विचारावं लागत नाही. नंदुरबार जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या आगेमागे कितीतरी आदिवासी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. मुलं सोबत फडावर जातात, नाहीतर आजीच्या भरवशावर मागे राहतात. तेव्हा ही माहिती औषधाइतकीच मोलाची ठरते.

या माहितीचं काय करायचं, हे ताराबाई मोडकांना नेमकं कळलं होतं. भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत माँटेसोरी पद्धत मुरवून १९४५ साली, वयाच्या ५३व्या वर्षी, त्या डहाणूजवळच्या बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाच्या कामाला लागल्या. सोबतीला अनुताई वाघ. लहानपणीच वैधव्य आलेल्या, हट्टाने शिकून शिक्षिका झालेल्या. महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, दगड, पानं हीच साधनं झाली. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. पुढे कोसबाडला वारली मुलं शाळेऐवजी गुरांमागे दिसली. तर शाळा कुरणात भरू लागली. मोठ्या मुली येत नाहीत, कारण धाकटं भावंड त्यांच्या गळ्यात. मग शाळेला पाळणाघर जोडलं.

मला यातली ही शेवटची गोष्ट सर्वांत खोल वाटते. एरवी आपण मुलीच्या आईला दोष दिला असता, किंवा मुलीला वही-पेन्सिल वाटून फोटो काढला असता. या दोघींनी मुलीच्या कडेवरचं ओझं पाहिलं आणि आधी ते उतरवलं. दयेला असं दिसत नाही; त्यासाठी रोज जाऊन बसावं लागतं.

आणि बालकल्याण दर वेळी बालकल्याणाचं नाव लावून येतंच असं नाही. १९७०च्या दशकात शहादा परिसरात श्रमिक संघटनेच्या काळात आदिवासी बायकांनी दारूचे अड्डे गाठून मडकी फोडली. नवऱ्यांची मारहाण आणि दारूत बुडणारी मजुरी हा त्यांचा राग होता. ती मजुरी घरी पोचली, तर पहिला घास कुणाच्या तोंडी जातो, हे सांगायला नको. त्या बायकांना समाजसेविका कुणी म्हटलं नाही, पण मुलांसाठी एवढं रोखठोक काम देणग्या गोळा करणाऱ्या मंडळांकडून क्वचितच झालं असेल.

ताराबाई १९७३ साली गेल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि पुढे हळूहळू अंगणवाडी देशभर पोचली. दोन बायकांचं स्वयंस्फूर्त काम सरकारचं कर्तव्य झालं, याहून मोठं यश कुठलं? पण सरकारने कामासोबत त्यागही उचलला, आणि तो दुसऱ्यांच्या खात्यावर टाकला. ताराबाईंनी स्वतःहून जे दिलं, ते अंगणवाडी सेविकेकडून गृहीत धरलं गेलं. वजनं घ्या, पोषण आहार द्या, लसीकरणाला मुलं जमवा, रजिस्टरं भरा, मोबाइलवर नोंदी करा. मोबदला मात्र पगार नव्हे, मानधन. एप्रिल २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. तरी ४ डिसेंबर २०२३पासून महाराष्ट्रातल्या सेविका-मदतनीस मानधनवाढीसाठी, निवृत्तिवेतनासाठी आणि याच ग्रॅच्युइटीसाठी संपावर बसल्या.

म्हणून कुणी नवं मंडळ काढणार असेल तर जरूर काढावं, पण आधी गावच्या अंगणवाडीत चक्कर मारावी. सेविकेचं मानधन या महिन्यात वेळेवर आलं का, हे तिला विचारावं. आलं नसेल, तर मंडळाचा पहिला ठराव त्याच विषयावर करावा आणि तालुक्याला पाठवावा.