माळ्यावरचे गाठोडे

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या घरी माळा उतरवण्याचा कार्यक्रम निघे. घरात सर्वांत उंच मी, तेव्हा हे काम माझ्याकडे. १९९६ सालच्या दिवाळीत जळमटे काढता काढता, गुंडाळून ठेवलेल्या सतरंजीमागे, आईचे गाठोडे हाताला लागले. ते कसले आहे हे मला ठाऊक होते, आणि ठाऊक होते म्हणूनच मी ते सोडले. घराचे कागद कपाटात गेले, मेणबत्त्या व काड्यापेटी स्वयंपाकघरात, वडिलांचा जुना चष्मा खणात. सहा वर्षांच्या मुलाला यावा एवढा एक लोकरी स्वेटर होता. त्याला कसर लागली होती, तो मी टाकून दिला.

रात्री आई माळ्याखाली येऊन उभी राहिली. ‘‘गाठोडं कुठाय रे?’’

‘‘आई, पस्तीस वर्षं झाली. आता तरी विसर ते.’’

‘‘तू लहान होतास,’’ एवढेच ती म्हणाली आणि आत गेली.

पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले, मागोमाग खडकवासल्याचे गेले आणि मुठेचे पाणी शहरात शिरले. आम्ही तेव्हा नारायण पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर राहत होतो. मी सहा वर्षांचा होतो. आईने माझे मनगट धरून मला ओढत चढाच्या बाजूला नेले. कोणाच्या तरी वाड्याच्या गच्चीवर आम्ही रात्र काढली. त्या रात्रीचे मला काय आठवते, तर कोणी तरी ओंजळभर दिलेले चुरमुरे, आणि रस्त्यातून तरंगत गेलेले एक लाकडी कपाट! दोन-तीन पावसाळ्यांत माझ्या लेखी ती गोष्ट झाली, शाळेत रंगवून सांगण्याची. आईच्या लेखी ती कधीच गोष्ट झाली नाही. जुलैत पावसाने जोर धरला की तिची झोप उडे. गाठोडे खाली येई आणि उशाशी बसे.

पाणी तेच, तास तोच, मनगट आणि मुठीची गाठही तीच. मग एकाच्या मनात त्याची गंमत उरावी आणि दुसऱ्याच्या मनात भीती, हे कसे? या प्रश्नाचे माझे उत्तर पुष्कळ वर्षे तयार होते: आईचे मन कच्चे आणि स्वभाव हट्टी. मनाला उपदेश करण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. तो उपदेश बहुधा दुसऱ्याच्याच मनाला केला जातो, ही गोष्ट निराळी.

अलीकडे मेंदूविषयी थोडेसे वाचण्यात आले आणि त्या तयार उत्तराला तडा गेला.

मेंदू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मज्जापेशी येतात. पण पेशी आणि पेशी यांच्यामध्येही जागा असते. मेंदूच्या आकारमानाचा सुमारे पाचवा हिस्सा या जागेने व्यापलेला आहे. ती मोकळी नाही. शर्करा आणि प्रथिने यांच्या लांबलचक रेणूंचे एक चिकट विणकाम तिथे भरलेले असते. काही पेशींभोवती हे विणकाम दाट होऊन त्याचे चक्क जाळे बनते. कामिलो गॉल्जी या इटालियन शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये त्याचे वर्णन केले. स्पेनच्या रामोन ई काहाल यांनी ते मोडीत काढले. पेशी टिकवण्यासाठी वापरलेल्या रसायनांमुळे गोठलेले ते काहीतरी आहे, असे त्यांचे मत. म्हणजे आपल्या भाषेत जळमटच. या दोघांना १९०६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, पण त्यांचे एकमेकांशी पटले नाही ते नाहीच. मज्जापेशी सुट्या सुट्या असतात की सगळ्या एकसंध, या मोठ्या वादात काहाल बरोबर ठरले. मोठ्या वादात बरोबर ठरलेल्या माणसाचे लहान वादातले म्हणणेही लोक सहसा तपासून पाहत नाहीत. जाळे कितीतरी वर्षे माळ्यावर पडून राहिले.

आता कळते की ते जळमट नव्हे. आपल्या नाकाकानाच्या कूर्चेत जे कॉन्ड्रॉइटिन सल्फेट असते, ते याही जाळ्यात आहे. जाळ्याला छिद्रे असतात आणि दुसऱ्या पेशींचे धागे त्या छिद्रांतून येऊन पेशीला भिडतात. जन्मतः हे जाळे नसते. लहानपणी अनुभव येत जातात तसतसे ते विणले जाते, आणि विणून झाले की शिकलेले पक्के होते. पुन्हा घडण्याची सोय मात्र कमी होते. २००२ मध्ये इटलीतील संशोधकांनी प्रौढ उंदरांच्या मेंदूतील दृष्टीच्या भागात हे जाळे एका विकराने विरघळवले, तेव्हा त्या भागाला बाळपणीचा लवचीकपणा परत आला.

पण मी अडखळलो तो २००९ मधल्या बाझलच्या प्रयोगापाशी. उंदराला एक आवाज ऐकवायचा आणि लागलीच विजेचा हलका झटका द्यायचा. उंदीर त्या आवाजाला भिऊ लागला की मग झटक्यावाचून नुसताच आवाज पुन्हा पुन्हा ऐकवायचा. जेमतेम दोन आठवड्यांच्या पिल्लाची भीती अशाने पार पुसली जाते. तीन आठवडे उलटलेल्या उंदराची भीती नुसती दबते आणि पुढे केव्हा तरी डोके वर काढते. या मधल्या दिवसांतच भीतीशी संबंधित भागात जाळे तयार होते. प्रौढाचे जाळे आधी विरघळवले, तर नंतर बसलेली भीती पिल्लासारखी पुसता येते. आधी, हा शब्द महत्त्वाचा आहे. भीती बसून गेल्यावर जाळे काढून काही उपयोग होत नाही.

सहा वर्षांचा मुलगा म्हणजे सोळा दिवसांचा उंदीर नव्हे, आणि आईचा मेंदू कोणी तपासलेला नाही, हे मला समजते. तरीही ‘‘तू लहान होतास’’ हे तिचे शब्द मला त्या पानावर छापल्यासारखे दिसले.

मग काय, जाळे आहे म्हणून माणूस सुटला? तसेही मला म्हणवत नाही. पुराला दोन वर्षे झाल्यावर आईनेच मला पोहायला घातले. रोज सकाळी ती बरोबर येई आणि तलावाकडे पाठ करून, हातात माझा टॉवेल घेऊन उभी राही. भीती काढून टाकणे तिच्या हाती नसेल. पाठ करून का होईना, उभे राहणे होते, आणि ते तिने केले. जे तिच्या हाती नव्हते, तेवढेच मी तिच्याकडे मागत राहिलो.

समजा, उद्या तसले औषध माणसासाठी निघाले. तर ते द्यावे काय? रॉजर त्सिएन या शास्त्रज्ञाने २०१३ मध्ये एक तर्क मांडला होता: पेशीतली प्रथिने सारखी बदलत असतात, जाळे मात्र टिकते, तेव्हा फार जुन्या आठवणी या जाळ्याच्या छिद्रांच्या नक्षीतच साठत असतील. हा तर्कच आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. पण तो वाचल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा आले ते असे, की भीती गेली असती तर तिच्याबरोबर स्वेटरही गेला असता. मला हा विचार फार सुंदर वाटला आणि लगेच स्वतःची लाज वाटली. जुलैच्या रात्री जागत कोण होते? मी तर शेजारच्या खोलीत घोरत होतो. ज्याला झोप लागते त्याला दुसऱ्याच्या जागरणात काव्य दिसते. आईने ते औषध मागितले असते तर मी ते आणून दिले असते, मुकाट्याने. पण तिने मागायला हवे होते. गाठोडे सोडताना मी तिला विचारले नव्हते.

ती २००३ मध्ये गेली. पुढे माळा आवरताना त्याच सतरंजीमागे दुसरे गाठोडे सापडले. त्यात मेणबत्त्या होत्या, काड्यापेटी होती, वडिलांचा चष्मा खणातून काढून पुन्हा ठेवलेला होता, आणि माझ्या मुलीचा, तिला तोकडा झालेला, एक स्वेटर.

ते अजून तिथेच आहे. दर दिवाळीला मी ते खाली काढतो, झटकतो आणि परत ठेवतो. मेणबत्त्या तेवढ्या बदलतो. उन्हाळ्यात त्या वाकतात.