एका साडीचा बोगदा

जानेवारीत चंदगडकडची सकाळ अंग चोरूनच उगवते. नऊ वाजले तरी मैदानातल्या गवतावरचं दव हटत नाही. काजूला मोहोर येऊ लागलेला असतो, भाताची मळणी उरकलेली असते, आणि माणसांच्या हातांना जरा सवड मिळालेली असते. शाळांचे खेळ याच दिवसांत. मोठ्यांची कबड्डी, खो-खो. बारक्यांसाठी लिंबू-चमचा, बेडूकउड्या, पोत्यात पाय घालून शर्यत. माझ्या लहानपणापासून ही यादी जशीच्या तशी आहे. तीन-चार वर्षांच्या पोराच्या तोंडात लिंबाचा चमचा देणं हा मला तरी अन्यायच वाटत आलाय. चमचा तोंडात गेला की त्या वयात पुढचं काम चावायचं असतं, धावायचं नसतं.

गेल्या वर्षी आमच्या वाडीतल्या अंगणवाडीच्या बाई संध्याकाळी घरी आल्या. "अक्का, पोरांसाठी बोगदा करूया काय?" कुठल्याशा शहरातल्या बालवाडीतला रंगीत, घडी होणारा, आत स्प्रिंग असलेला बोगदा त्यांनी मोबाइलवर पाहिला होता. विकत मिळतो तो. पण खेळ चार दिवसांवर आलेले, आणि खर्चाच्या वहीत बोगद्याला रकाना नाही.

मी म्हटलं, आपल्या पोरांना बोगदा कळायचा कसा? चंदगड तालुक्यात रेल्वेच नाही. कोकण रेल्वेचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा त्यांच्या दृष्टीनं दुसऱ्या देशातला. बाई हसल्या. "बोगदा नसेल कळत, भुयार कळतं." ते मात्र खरं. पारगड, महिपालगड, गंधर्वगड, कलानंदीगड असे गड ज्या तालुक्यात आहेत, तिथल्या पोराला भुयार शिकवावं लागत नाही. आणि ज्यानं पिंजराच्या गंजीत बीळ पोखरून आत दडी मारली आहे, त्याला तर नाहीच नाही. आम्हीही मारली आहे. बाहेर आल्यावर अंगभर खाज, आणि वर आईचा मार.

पहिला बोगदा आम्ही खोक्यांचा केला. किराणा दुकानातली पुठ्ठ्याची खोकी एकापुढे एक चिकटवून रात्री अंगणात ठेवली. सकाळी दवानं ती अशी बसली होती की कुत्र्यालाही आत शिरता येईना. दुसरा बांबूच्या कामट्यांचा. कामटी वाकते छान, पण तासलेली नसेल तर कूस निघते, आणि ती नेमकी लहान गुडघ्यात रुतते. तोही बाद. शेवटी उसाच्या रानातून उरलेला अर्ध्या इंचाचा काळा पाइप आणला. त्याचे तुकडे गोल वळवले, दोन्ही टोकांत लाकडाची खुंटी ठोकली, की कडं तयार. अशी पाच कडी.

आता कापड. साठ सेंटिमीटर उंचीच्या कड्याचा घेर भरतो जवळजवळ १८८ सेंटिमीटर. साडीचा पन्हा ११० ते ११५. म्हणजे साडी नुसती गुंडाळली तर भुयाराचा बराच भाग उघडाच. पण साडेपाच मीटरची साडी मधोमध फाडली आणि पावणेतीन मीटरचे दोन्ही तुकडे काठाला काठ लावून जोडले, की पन्हा सव्वादोन मीटरच्या आसपास जातो. घेर पुरा होऊन वर ओच्याइतकं कापड उरतं, तिथे नाड्या बांधायच्या. एका साडीत एक बोगदा बरोबर बसतो. हा हिशेब कागदावर जुळला तेव्हा मला उगाचच गणिताचा पेपर सोपा गेल्यासारखं वाटलं.

साडी माझ्या सासूबाईंची. डाळिंबी, सुती, ट्रंकेच्या तळाला पडून असलेली. शेजारच्या काकी म्हणाल्या, "फाडूलीस कशाला गं? वाकळेला घाल की." वाकळ शिवणाऱ्या बायकांपुढे साडी फाडणं सोपं नसतं, त्यांच्या हिशेबी कापडाला एकच सद्गती. पण फाडल्याचा आवाज ऐकला आणि त्याच काकी सुईदोरा घेऊन पायरीवर बसल्या. परकराला असतो तसा नेफा त्यांनी पाच ठिकाणी घातला, आणि त्यातून कडी ओवली. आणखी दोघी आल्या. बोगदा शिवून झाला तेव्हा एकीचा भात करपला होता.

उभा केला आणि आडवा झाला. कडी एकमेकांवर कलंडली. मग दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून, कड्याकड्याला गाठ मारत वरून सुतळी ताणली, तेव्हा कुठे तो ताठ राहिला. ही एवढी गोष्ट मोबाइलवरच्या चित्रात दिसत नाही. साडी सुती होती हेही बरं झालं. नायलॉनवर गुडघे घसरतात, आणि दहाच्या उन्हात आत भट्टी होते.

हाताशी असेल त्यातून पोरांसाठी साधनं करणं हे काही आम्ही नवीन केलं नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघांना बरोबर घेऊन हेच केलं होतं. परदेशी पद्धतीची महागडी साधनं पाड्यावर कुठून यायची? त्यांनी शंख, शिंपले, बिया, पानं घेतली. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, आणि तिला नाव पडलं अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची बालविकास योजना सुरू झाली, आणि पुढे तो शब्द देशभर गेला. आज अंगणवाडी म्हटलं की लोकांना पोषण आहार आणि वजनाचा काटा आठवतो. त्या शब्दातलं अंगण कुणाला आठवत नाही.

खेळाच्या दिवशी बोगदा मैदानाच्या मधे. अलीकडून पळत यायचं, बोगद्यातून रांगत जायचं, पलीकडची घंटा वाजवायची. बोगदा एकच, म्हणून एकेकानं. गुरुजी शिट्टी तोंडात धरून मोबाइलवर सेकंद मोजणार. पहिली मुलगी बोगद्याला वळसा घालून पळाली आणि घंटा बडवून आली. तिचं चुकलं असं मला अजून वाटत नाही. वाट मोकळी होती. दुसरा नीट गेला. तिसरा, साडेतीन वर्षांचा एक बारका, आत शिरला तो बाहेरच येईना.

"पळ! पळ!" आयाबाया ओरडायला लागल्या. गुरुजींनी दुसऱ्यांदा शिट्टी मारली. शेवटी बाई ओणव्या झाल्या. "काय करूलास रे आत?"

आतून उत्तर आलं, "बघूलोय."

मीही वाकले. पोर मधोमध मांडी घालून बसलं होतं. साडीतून ऊन झिरपत होतं आणि त्याचे दोन्ही तळवे डाळिंबी झाले होते. तो ते उलटेसुलटे करून पाहत होता. वर छतावर एक नाकतोडा चालत होता, आणि त्याच्या सहा पायांची सावली पोराच्या डोक्यावरून सरकत होती. तेवढ्यात मागच्या मुलीला धीर निघाला नाही. तीही आत घुसली, त्याच्याशेजारी बसली. बाहेर चाळीस माणसं, आत दोघं.

त्या शर्यतीचा निकाल लागला नाही. गुरुजींनी सेकंद खोडले आणि खाऊ सगळ्यांना सारखा वाटला. पहिला-दुसरा नंबर कुणाला हवा होता हे तेव्हा ध्यानात आलं: मैदानाबाहेर उभ्या असलेल्यांना. यंदा बोगदा शर्यतीत ठेवायचा नाही, बाजूला फणसाच्या सावलीत लावून ठेवायचा, असं बाईंनी आत्ताच सांगून टाकलंय. शिट्टी वर्ज्य. माझं मत विचाराल तर लिंबू-चमचाही काढून टाकावा, पण त्याला गावात अजून बहुमत नाही.

तुमच्याकडेही ट्रंकेत एखादी सुती साडी असेल. दोन्ही टोकं उघडी ठेवा, लांबी पावणेतीन मीटरपेक्षा वाढवू नका, खाली दगड उरलाय का ते स्वतः रांगून पाहा, आणि एक मोठं माणूस टोकाशी कायम बसवा.

आमची साडी नाड्या सोडून धुतली, दोनदा धुतली. तांबड्या मातीच्या दोन समांतर रेघा, गुडघ्यांच्या अंतरावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत अजून तशाच आहेत. मधोमध मात्र एक गोल डाग आहे, बसल्याचा.