व्रत सुटल्यानंतरचा अंतकाळ

नियमात राहून देह ठेवणाऱ्यास वाट आखलेली असते. परंतु ज्याने ऐन उमेदीत कठोर व्रत घेतले आणि पुढे ते सोडले, त्याने वार्धक्यात कोणाच्या भरवशावर मृत्यूकडे पाहावे? भांडुपसारख्या उपनगरातील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडातही हा प्रश्न एखाद्या वृद्धाच्या उशाशी असू शकतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने योगापासून चळलेल्याविषयी हेच पुसले आहे, आणि श्रीकृष्णचक्रवर्तींनी अशा पुरुषास निराश केलेले नाही.

धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र या संदर्भात विचारात घेण्याजोगे आहे. गोव्यात १८७६ साली सारस्वत कुळात जन्मलेले हे गृहस्थ पत्नी व तान्ही मुलगी मागे ठेवून ज्ञानासाठी बाहेर पडले. १९०२ साली सिंहलद्वीपात ते बौद्ध भिक्षू झाले, आणि काही वर्षांनी चीवर उतरवून पुन्हा संसारात आले. मात्र चीवर उतरले तरी अध्ययन उतरले नाही. फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली, बुद्धचरित्र लिहिले, परळला बहुजन विहार उभारला. सोडलेल्या व्रताशी त्यांनी वैर धरले नाही, हे येथे मुख्य. पुष्कळांचे व्रत सुटते ते कंटाळ्याने, आणि मग तो कंटाळा झाकण्यासाठी जन्मभर मार्गाचीच निंदा चालते. अशाला अंतकाळी दुसरे काय आठवणार?

उतारवयात व्याधींनी जर्जर झाल्यावर, सेवेस निरुपयोगी झालेला देह अन्नत्यागाने ठेवावा असे कोसंबींनी ठरविले. आधार घेतला तो जैनांच्या सल्लेखनेचा. येथे आक्षेप उरतो, आणि तो लहान नाही. नरदेह जीवास परमेश्वरप्राप्तीसाठी लाभला आहे. तो निरुपयोगी झाला हे माप जीवाने कोणत्या अधिकाराने घ्यावे? हातपाय चालत नाहीत त्यासही स्मरण घडते. किंबहुना कित्येकांस तेव्हाच घडते. सेवा म्हणजे केवळ कष्ट, असे मानल्यावाचून हा निर्णय उभा राहत नाही.

तथापि एक गोष्ट दृष्टीआड करता येत नाही. पहिल्या वेळी आरंभिलेले उपोषण त्यांनी गांधीजींच्या शब्दावरून सोडले. मरणाच्या उंबरठ्यावरून, दुसऱ्याच्या सांगण्यावरून, ते मागे फिरले. केवळ हट्टाने मरू निघालेल्यास हे साधत नाही. पुढे सेवाग्राम येथे पुन्हा अन्न वर्ज्य करून ४ जून १९४७ रोजी त्यांनी देह ठेवला. पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्मावरील त्यांचा ग्रंथ त्यांच्या पश्चात छापला गेला.